आठचा बिगुल

माझं लहानपण खडकीत गेलं. लष्करातल्या बॉम्बे सॅपर्सचं आवार आमच्या चाळीपासून फार लांब नव्हतं. वारा आमच्या बाजूचा असला की पहाटे तिकडचा बिगुल स्पष्ट ऐकू यायचा आणि आई चुलीपाशी बसल्या बसल्याच ओरडायची, "बिगुल झाला गं, ऊठ!" आमच्या घरी गजराचं घड्याळ आलं ते मी दहावीला बसले तेव्हा. तोवर आम्हाला लष्करानंच उठवलं. हे सॅपर्स करतात काय, कुठल्या लढाईत गेले होते, हे मात्र आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. पूल बांधतात, एवढं कानावर होतं. रोज दिसणाऱ्या भिंतीची कोण चौकशी करतं?

त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला पासष्टाव्या वर्षी मिळालं, उत्तर फ्रान्समधल्या एका सपाट शेताच्या कडेला.

मुलगी आणि जावई बेल्जियममध्ये गेंटला असतात. २०२२ च्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे होते. ब्रुसेल्स झालं, ब्रुज झालं, चॉकलेटं घेऊन झाली. एका शनिवारी जावई म्हणाले, "आई, आज तुम्हाला काही बघायला नेत नाही. नुसतं फिरून येऊ. वेस्टहुकला जाऊ." वेस्टहुक म्हणजे पश्चिमेचा कोपरा. फ्लँडर्सचा हा कोपरा अर्धा बेल्जियमात आहे आणि अर्धा फ्रान्समध्ये. नुसतं फिरायचं म्हणणाऱ्या माणसानं डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी का भरून घेतली असेल, अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

पहिला मुक्काम पोपरिंगेला. हा हॉप्सचा मुलूख. बिअरला कडवटपणा येतो तो या वेलीच्या बोंडांमुळे. सहा-सहा मीटर उंच खांब, त्यांच्यावर तारा, तारांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांना वेटोळे घालत वर गेलेले वेल. लांबून आपल्याकडचा पानमळा वाटावा, फक्त कुणीतरी दुप्पट ताणून उंच केलेला. काढणी चालू होती. ट्रॅक्टरवरून अख्खा वेलच वरून कापून खाली ओढत होते. बांधावर पडलेलं एक बोंड मी उचललं. हिरव्या कागदाच्या पाकळ्या एकावर एक चिकटवल्यासारखं, वजन नाहीच. चुरडल्यावर आत पिवळी पूड निघाली. बोटांना चिकट, वासाला लिंबाची साल आणि कडुनिंब यांच्या मधलं काहीतरी. दुपारी पोळी खाताना तो वास पोळीलाही लागला.

पोपरिंगे हे पहिल्या महायुद्धात आघाडीच्या मागचं गाव. जवळजवळ सगळा बेल्जियम जर्मनांनी व्यापला, पण ही चिंचोळी पट्टी शेवटपर्यंत त्यांच्या हाती लागली नाही. त्यामुळे लाखो इंग्रज शिपाई इथून पुढं गेले आणि गेलेल्यांपैकी काही विश्रांतीला इथंच परत आले. गावात टॅलबट हाऊस नावाचं घर आहे. १९१५ च्या डिसेंबरात एका पाद्र्यानं ते शिपायांसाठी उघडलं आणि हुद्दा दारातच ठेवून आत यायचं असा नियम केला. चहा, पियानो, पुस्तकं, मागं बाग. आणि तिथून चालत थोड्या अंतरावर नगरभवनाच्या अंगणात एक खांब उभा आहे. पळून गेलेल्या शिपायांना पहाटे गोळ्या घालायच्या त्या अशा खांबाशी. एकाच गावात, एकाच सैन्यानं, एकाच युद्धात केलेल्या या दोन सोयी. मी खांबाचा फोटो काढला नाही.

पुढं आबेला नावाचं खेडं लागलं. गावाच्या मधून सीमा जाते. जावई म्हणाले, "आई, आता तुम्ही फ्रान्समध्ये." मी मागं वळून पाहिलं. विटांची घरं तीच, कौलं तीच, खिडकीतली जिरेनियमची कुंडीसुद्धा तीच म्हणावी अशी. फोन तेवढा वाजला आणि मोबाइल कंपनीनं फ्रान्समध्ये आमचं स्वागत केलं. सीमा आता फोनला कळते, माणसाला कळत नाही.

पूर्वी कळायची. बेल्जियममध्ये तंबाखू स्वस्त आणि फ्रान्समध्ये महाग, त्यामुळे या पट्ट्यात तस्करी हा पिढ्यानपिढ्यांचा जोडधंदा होता. इकडच्या बोलीत तस्करांना 'ब्लाउवर' म्हणतात. त्यांची शक्कल कुत्र्यांची. कुत्रा पाळायचा फ्रान्समधल्या घरी. त्याला बेल्जियमात न्यायचं, अंगाला तंबाखूची पुडकी बांधायची आणि रात्री सोडून द्यायचं. तो आपला घराकडे धाव घ्यायचा. जकातवाल्यांनी मग त्याच्यावर आपले कुत्रे सोडले. सीमेलगतच्या गोडेवार्सवेल्ड या फ्रेंच गावात या सगळ्याचं छोटं संग्रहालयही आहे. गोडेवार्सवेल्ड! हे नाव आहे फ्रान्समधल्या गावाचं. फ्रेंच माणसाची जीभ त्यात अडकते.

माझं सासर निपाणीचं. तंबाखू आणि सीमा हे दोन्ही विषय आमच्याकडे जेवणाच्या ताटावर असायचे. सासरे सांगायचे, ३१ ऑक्टोबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात झोपलो आणि उठलो ते म्हैसूर राज्यात. गल्ली तीच, वखार तीच. त्यामुळे रेघ सरकते आणि माणसं जागच्या जागी राहतात, ही गोष्ट मला कुणी नकाशावर समजावून सांगायची गरज नव्हती. इथली रेघ सरकवली फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजानं. १६५९ पासून तो फ्लँडर्सचा एकेक तुकडा गिळत आला. १६७८ च्या नाइमेखनच्या तहात कासेल, बायल, पोपरिंगे, ईपर सगळं त्याच्याकडे गेलं. १७१३ ला उट्रेख्टच्या तहात ईपर आणि पोपरिंगे परत सुटले, कासेल-बायल तिकडेच राहिले. तीनशे वर्षांपूर्वी सौदा करून उठलेल्या वकिलांनी जिथं बोट थांबवलं, साधारण तिथंच आज माझा फोन वाजला.

या रेघेचं हल्लीचं रूप विनोदी आहे. फ्रान्स-बेल्जियमच्या हद्दीवर १८१९ साली रोवलेले दगड अजून आहेत. २०२१ मध्ये पूर्वेकडच्या एका बेल्जियन शेतकऱ्यानं ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून एक दगड दोनेक मीटर फ्रान्सच्या बाजूला सरकवून ठेवला. बेल्जियम तेवढ्यापुरता मोठा झाला. लुईला यासाठी फौजा लागल्या होत्या.

कासेल हे टेकडीवरचं गाव. टेकडी म्हणजे १७६ मीटर! आपल्या पर्वतीच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला हसू येईल. पण भोवती सगळं ताटासारखं सपाट असल्यामुळे या उंचीला इथं फार मान आहे. १०७१, १३२८, १६७७ अशा तीन मोठ्या लढाया हिच्या पायथ्याशी झाल्या आणि १९१४ मध्ये फ्रेंच सेनापती फोश आघाडीवर नजर ठेवायला इथं येऊन राहिला. त्याचा घोड्यावरचा पुतळा माथ्यावर आहे. पुतळ्यापेक्षा मला शेजारची लाकडी पवनचक्की आवडली.

दुपारी एका एस्तामिनेत शिरलो. एस्तामिने म्हणजे इकडची जुनी गावठी खानावळ. खाणं, बिअर, गप्पा आणि खेळ एकाच छपराखाली. आढ्याला वाळलेले हॉप्सचे वेल टांगलेले. कोपऱ्यात एक लाकडी पेटी आणि पेटीवर आ वासलेला लोखंडी बेडूक. पितळी चकत्या त्याच्या तोंडात नेम धरून टाकायच्या. जावयांच्या दहापैकी एक गेली, माझ्या तीन. जेवणात इथली खासियत मागवली, पोट्येव्लेश. चार प्रकारचं मांस शिजवून त्याच्याच जेलीत गोठवलेलं, थंडगार, सोबत गरम बटाट्याचे काप. मी मटण-मासे सगळं खाते, पण थंड जेलीतला ससा माझ्या घशाखाली उतरेना. काप संपवले. नंतरची कॉफी चिकोरीची होती, ती मात्र अगदी ओळखीची.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या. मुलगी पाच वर्षं गेंटमध्ये डच शिकली आहे. भिंतीवर 'इथं फ्लेमिश बोलतो' अशा अर्थाची पाटी पाहून तिनं उत्साहानं डचमधून सुरुवात केली. बाई हसल्या आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या, पाटी आजीच्या वेळची आहे. आजी फ्लेमिशच बोलायची. आईला कळायचं, पण शाळेत ते बोललं की शिक्षा, म्हणून तिनं मुलांशी बोलणं सोडलं. यांना स्वतःला आकडे येतात आणि एक बडबडगीत येतं. त्यांनी ते म्हणून दाखवलं. मुलीला त्यातले दोनच शब्द ओळखू आले. त्याचा अर्थ काय, असं विचारल्यावर बाईंनी खांदे उडवले. अर्थ आजीबरोबर गेला.

मुलीला कळलं नाही यात तिचा फार दोष नाही. ही पश्चिमी फ्लेमिश बोली इतकी वेगळी की खुद्द बेल्जियमच्या फ्लेमिश टीव्हीवर या कोपऱ्यातला शेतकरी बोलला तर खाली डच अक्षरं दाखवतात. म्हणजे एका बाजूला ही भाषा फ्रेंच नाही म्हणून मार खायची आणि दुसऱ्या बाजूला डचसुद्धा धड नाही म्हणून तिचं भाषांतर होतं. २०२१ च्या अखेरीस फ्रेंच सरकारनं तिचं नाव शाळेत शिकवता येणाऱ्या प्रादेशिक भाषांच्या यादीत घातलं. शंभर-दीडशे वर्षं शाळेतूनच हाकलल्यावर.

आम्ही उठता उठता शेजारच्या टेबलावरून बिअर सांडली. बाईंनी आत हाक मारून काहीतरी मागवलं. त्यातला 'वासँग' हा शब्द ऐकून मुलगी थबकली. हा फ्रेंच शब्द नाही. पोरगा फरशी पुसायचं फडकं घेऊन आला. उत्तर फ्रान्समध्ये या फडक्याला सगळेच वासँग म्हणतात आणि शब्द आहे फ्लेमिश, धुण्यापासून आलेला. भाषा गेली, तिचं फडकं राहिलं. बाई ते पिळत होत्या आणि आपण आत्ता आजीचा शब्द वापरला हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कासेलहून निघाल्यावर जावयांनी गाडी दक्षिणेला घेतली. "गेंट तर तिकडे राहिलं," मी म्हटलं. ते म्हणाले, "अजून एक ठिकाण. तुम्ही खडकीच्या ना?" बस्स, एवढंच. फ्लेमिश नावांची गावं मागं पडली, फ्रेंच नावांची सुरू झाली. बिटाची आणि बटाट्याची शेतं. या शेतांतून शंभर वर्षांनंतरही नांगराला तोफगोळे लागतात. सीमेपलीकडे शेतकरी ते उचलून रस्त्याकडेला ठेवतात आणि बेल्जियन सैन्याची गाडी येऊन घेऊन जाते. वर्षाला शंभर टनांच्या वर निघतात म्हणे. बटाट्यासारखंच तेही पीक.

नव्ह शापेलच्या तिठ्यावर गाडी थांबली आणि समोर सांची उभी.

मला दुसरा शब्द सुचला नाही. गोल आवार, अर्ध्या भागाला दगडी जाळी, बौद्ध स्तूपाच्या कठड्यासारखी. मधे पंधरा मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ, पायाशी दोन वाघ. बाजूंना घुमटाच्या छत्र्या. स्तंभावर देवनागरी अक्षरं. हर्बर्ट बेकर या स्थापत्यकारानं हे बांधलं, ज्यानं दिल्लीतले नॉर्थ आणि साउथ ब्लॉक बांधले तोच. ७ ऑक्टोबर १९२७ ला याचं उद्घाटन झालं. आम्ही तिघं सोडून तिथं कुणी नव्हतं. रस्त्यावरून ट्रक जात होते.

गोलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात भरीव भिंत आहे आणि तिच्यावर ४,७०० हून जास्त नावं. हिंदुस्थानातून आलेले शिपाई आणि मजूर, ज्यांची थडगी किंवा चिता कुठं सापडली नाही ते. पलटणीवार रांगा लावलेल्या आहेत. जावयांनी मला एका ठिकाणी नेऊन उभं केलं आणि काही न बोलता बाजूला झाले. सॅपर्स अँड मायनर्स.

त्यांनी आधीच सगळं वाचून ठेवलं होतं. १९१४ च्या शरदात लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन मार्सेयला उतरल्या आणि गरम कपडे पुरेसे मिळायच्या आधीच या आघाडीवर आल्या. लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या, २० आणि २१ नंबरच्या. मराठे, शीख, मुसलमान, सगळे त्यात. यांचं काम खणायचं, पूल टाकायचे, सुरुंग लावायचे. पण २८ ऑक्टोबरला हे गाव जर्मनांकडून परत घ्यायचं ठरलं आणि पायदळ कमी पडलं. मग सॅपर्सच्या हातची फावडी बाजूला ठेवून त्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर संगिनी लावून पुढं धाडलं. उघड्या शेतातून. ते गावात घुसले, घराघरांतून हातघाई झाली, गाव घेतलंही. पण मागून कुमक आली नाही आणि घेतलेलं गाव सोडून त्याच शेतातून परत यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे इंग्रज अधिकारी एक तर मारले गेले नाही तर जखमी झाले, धडधाकट एकही उरला नाही. ज्यांनी खंदक खणायचे, पूल बांधायचे, ती शिकलेली माणसं एका दुपारी अशी खर्ची पडली. मला राग आला. शंभर वर्षं उशिरा आलेल्या रागाचं काय करायचं असतं, ते कळेना.

नावं इंग्रजी लिपीत आहेत. बऱ्याच ठिकाणी आडनाव नाही, बापाचं नाव नाही. कुणा गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग. मी ती मनातल्या मनात उलट फिरवून वाचत होते, स्पेलिंगातून माणसाकडे. काही लगेच सुटायची, काही सुटायचीच नाहीत. एका नावापाशी मी बराच वेळ थांबले. अक्षरं वाचता येत होती, पण कुठल्या गावच्या आईनं ते नाव कशी हाक मारून घेतलं असेल, ते जिभेवर येईना. चाळीत आमच्या शेजारी दोन बिऱ्हाडं सॅपर्सच्या पेन्शनरांची होती. त्यांच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी इथं आहे का, हे विचारायला आता तिथं कुणी नाही. चाळही नाही.

परतीच्या वाटेवर ईपर. फ्लेमिशमध्ये ईपर, फ्रेंचमध्ये ईप्र, इंग्रज शिपायांना दोन्ही जमेना म्हणून त्यांनी केलं वायपर्स. तेराव्या शतकात कापडाच्या व्यापारावर गबर झालेलं हे शहर चार वर्षांच्या तोफमाऱ्यात इतकं सपाट झालं की चर्चिलनी सुचवलं, अवशेष असेच ठेवावेत, स्मारक म्हणून. परत आलेल्या लोकांनी ऐकलं नाही. आधी लाकडी बराकी टाकून राहिले आणि मग जुनं शहर होतं तसंच पुन्हा उभं केलं. कापड बाजाराची ती अवाढव्य इमारत पुरी व्हायला १९६७ साल उजाडलं. चौकात उभी राहिले तेव्हा मला ते सगळं सिनेमाच्या सेटसारखं वाटलं, जरा जास्तच नीटनेटकं. मग समोरच्या बाकावर एक म्हातारा कागदाच्या शंकूतले बटाट्याचे काप खाताना दिसला आणि मनात आलं, याच्या आजीला स्मारकात राहायचं नव्हतं, घरात राहायचं होतं.

आठला दहा कमी असताना मेनिन गेटला पोचलो. लांब, उंच, कमानदार बोगदा आणि त्याच्या आतल्या भिंतींवर, जिन्यांवर, सगळीकडे बेपत्ता शिपायांची ५४ हजारांवर नावं. तरी जागा पुरली नाही, म्हणून १९१७ च्या ऑगस्टमधल्या एका तारखेनंतरचे सुमारे ३५ हजार टाइन कॉट या लष्करी कबरस्तानाच्या भिंतीवर. इथंही चारशेच्या वर हिंदी शिपाई आहेत. जावयांनी सांगितलं, ज्यांचा पत्ता बेल्जियमच्या हद्दीत लागेनासा झाला त्यांची नावं इथं आणि जे फ्रान्सच्या हद्दीत गेले ते नव्ह शापेलला. आघाडी एकच, चिखल एकच. पण हिशेब लावताना लुईची ती रेघ मेलेल्यांच्या मधूनही काढावी लागली.

आठ वाजले. पोलिसानं रस्त्याला अडथळा लावला आणि वाहनं थांबली. गर्दी होती, पण कुणी बोलत नव्हतं. गावच्या अग्निशामक दलातून आलेल्या बिगुलवाल्यांची ही परंपरा. १९२८ मध्ये ती सुरू झाली. रोज संध्याकाळी लास्ट पोस्ट, म्हणजे लष्करातला दिवस संपल्याचा सूर, वाजवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन गावात होते तेवढी वर्षं बंद पडली आणि १९४४ च्या सप्टेंबरात गाव सुटलं त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाली.

बिगुल कमानीत घुमला. खडकीत मला ऐकू यायचा तो उठवायचा सूर, भरभर, खाली-वर उड्या मारत जाणारा. हा वेगळा होता. एकेक स्वर लांबवत, दिवस मिटवणारा. हाही सूर तिकडे रात्री वाजत असेल का? तेव्हा आमच्या चाळीत रेडिओ चालू असायचा, भांडी घासली जात असायची, कुणीतरी कुणालातरी ओरडत असायचं. ऐकू आला असेलही. आईनं त्यावर कधी काही म्हटल्याचं आठवत नाही.

शेवटचा स्वर संपला तरी लोक थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पोलिसानं अडथळा बाजूला घेतला. पहिली निघाली ती मागं पिझ्झाची चौकोनी पेटी लावलेली एक स्कूटर. तिच्या मागं एक बस. मुलगी म्हणाली, "आई, चल, पार्किंगची वेळ संपत आली."